यॉर्कात एनिडने नजर वळवली

एनिड थ्वेटचा नवरा वॉल्टर गेला, तेव्हा गावच्या चर्चच्या घंटा गप्प राहिल्या. उभा जन्म ज्याने घंटेचा दोर ओढला, त्याच्या अंत्ययात्रेला लोलकाच्या एका अंगाला कातडं बांधतात. एक टोला मोठा पडतो, दुसरा त्याच्या सावलीसारखा. तशी रीतच आहे. पण घंटाकऱ्यांचा म्होरक्या क्लिफर्ड म्हणाला, "शेवटच्या वर्षात तो सरावाला आला कुठं? रीत आमच्या माणसांसाठी." ते वर्ष वॉल्टरने खाटेवर खोकत काढलं होतं.

एनिड भांडली नाही. तिने नवऱ्याचा दोर हाती घेतला आणि क्लिफर्डच्या शेजारी उभी राहिली.

घंटा सहा, आणि त्यांचा क्रम फेरीफेरीला बदलतो. तो डोक्यात धरायचा. वाजवताना म्होरक्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. चुकणाऱ्याला शेजाऱ्याने नजरेने वाट दाखवावी, एवढीच मुभा. क्लिफर्ड थकत चालला, तसा मध्येच हरवू लागला. एनिडने भुवई उचलली की त्याचा दोर खाली यायचा. गाव म्हणायचं, क्लिफर्डचा हात तो क्लिफर्डचाच.

तिची बहीण मॉड चिडायची. "त्या मेल्याला कशाला सांभाळतेस गं? पाड की तोंडावर."

"इथं पाडला तर मेंढरंच ऐकतील," एनिड म्हणायची.

मग उन्हाळ्यात घंटाकऱ्यांची सहल यॉर्कला निघाली. शहराच्या जुन्या तटबंदीवरून चालणं झालं, झुकलेल्या घरांच्या गल्लीत चहा झाला. दुपारी एका जुन्या चर्चमध्ये तिथल्या घंटाकऱ्यांनी पाहुण्यांच्या हाती दोर दिले आणि भिंतीला टेकून ऐकत राहिले.

"गावाकडचा हात कसा असतो, दाखवतो तुम्हाला," क्लिफर्ड त्यांना म्हणाला. मग हळूच एनिडला, "माझ्याकडे लक्ष ठेव हं, पोरी."

"आहे ना लक्ष."

पहिल्या फेऱ्या लोण्यासारख्या गेल्या. मग क्लिफर्डचा चेहरा कोरा झाला. त्याने मान वळवली. एनिडने नजर खिडकीकडे नेली आणि तिथंच ठेवली. त्याचा टोला उशिरा पडला, पुढचा घाईने. घंटा घंटेवर चढली, अख्ख्या शहराच्या माथ्यावर भांड्यांची उतरंड कोसळावी तशी. रस्त्यावरची माणसं थांबून वर बघू लागली.

"थांबा!" यजमानांचा म्होरक्या ओरडला.

जिन्यात क्लिफर्डने तिला गाठलं. "एनिड, बघितलं नाहीस तू."

"नाही बघितलं."

"मुद्दाम?"

"वॉल्टरसाठी."

तो कठड्याला धरून उभा राहिला. "मला सांगायचंस तरी. मी आपणहून म्होरकेपण सोडलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

खाली यजमान रांगेने उभे होते. एकेकाने क्लिफर्डचा हात हातात घेतला आणि "छान झालं हो" म्हटलं, इतक्या अदबीने की त्याची मान वर होईना. एनिड शेवटच्या पायरीवर थांबली आणि रांग संपेपर्यंत बघत राहिली.