शिट्टी वाजल्यावरही पाहत राहणारे सतीशदादा

सतीशदादा हिरवाडकरांची आणि माझी पहिली भेट टेक्सासमधल्या अर्विंग शहरात एका लग्नात झाली, आणि आता भांडण होणार असे मला क्षणभर वाटले होते. त्या लग्नाचा व्हिडिओ मी करत होतो. मंगलाष्टके झाली होती, सप्तपदीला अवकाश होता, गुरुजी बाजूला चहा घेत होते. अशा रिकाम्या वेळात कॅमेरा बंद करायचा, अशी आमच्या धंद्याची रीत आहे. मी ती पाळत नाही. कुडत्यावर कॉलेजची टोपी घातलेले एक रुंद खांद्यांचे गृहस्थ माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, कॅमेरा ऑन राहिलाय तुमचा."

"राहिला नाही. ठेवलाय."

"पण काहीच तर होत नाहीये!"

"काही होत नसतं तेव्हाच माणसं दिसतात. ते बघा, नवऱ्याची आई विहिणीसाठी स्वतः खुर्ची ओढतेय. विधी चालू असता तर तुम्ही तिकडे पाहिलं असतं का?"

ते थोडा वेळ त्या खुर्चीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "यार, तुम्ही फुटबॉलची फिल्म कट करता का?"

"मी हा इथला अमेरिकन फुटबॉल धड पाहिलेलासुद्धा नाही."

"परफेक्ट! मग तुमचा डोळा बॉलच्या मागे धावणार नाही."

पुढच्याच आठवड्यापासून मी त्यांच्या कॉलेजात अर्धवेळ फिल्म कापायला लागलो आणि आजतागायत कापतो आहे. कॅमेरा किंवा एडिटिंग मी कुठल्याही संस्थेत शिकलेलो नाही. पुस्तिका वाचून, यंत्रे उघडून आणि चुका करून शिकलो, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. फुटबॉलही तसाच शिकलो. फरक एवढाच, की त्यात मला गुरू मिळाले. त्यांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या थोरांनी त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले असेल. मी फक्त त्यांच्या कामाविषयी लिहितो, कारण ते काम नक्की काय आहे हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही. परवाच एका काकूंनी मला विचारले, "सतीश मुलांना पळायला शिकवतो ना?" नाही काकू. ते मुले शोधतात.

दादा शिकागोच्या बाजूला जन्मले आणि वाढले. त्यांचे वडील सांगलीहून आलेल्या अगदी सुरुवातीच्या डॉक्टरांपैकी. मुलाने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती, हे वेगळे सांगायला नको. दादांनी शिक्षकाची पदवी घेतली, फुटबॉलमध्ये शिरले आणि टेक्सासमधल्या एका लहान कॉलेजात स्थिरावले. येत्या हंगामांत कॉलेजच्या संघात यायला हवीत अशी मुले हायस्कुलांतून हेरायची, हे त्यांचे काम. मोठ्या कॉलेजांचे लोक उंची, वजन आणि पळण्याचा वेग पाहून हवी ती मुले आधीच उचलतात. एकदा मी बोलता बोलता म्हणून गेलो, "म्हणजे उरलेली मुलं आपल्याकडे येतात." दादांनी गाडी चालवता चालवता माझ्याकडे असे पाहिले, की मीच त्यांना रस्त्याकडे पाहायला सांगितले. "उरलेली नाही," ते म्हणाले. "न पाहिलेली. डिफरन्स आहे."

आमच्यासारख्या कॉलेजला खेळासाठी शिष्यवृत्ती देण्याची मुभा नाही. गुण आणि घरची परिस्थिती पाहून जी मदत मिळेल तेवढीच. त्यामुळे दादांच्या हातात मुलाला दाखवायला एकच गोष्ट असते: मी तुला नीट पाहिले आहे. मग ते पाहणे खरे असावे लागते. मुले स्वतःच्या खेळाच्या दोन-तीन मिनिटांच्या झगमगीत फिती पाठवतात. खाली संगीत आणि प्रत्येक तुकड्यात पराक्रम. दादा त्या पाहतच नाहीत. "यात हा पोरगा एकदाही पडत नाही. पडल्यावर काय करतो, ते मला कसं कळणार?" ते शाळेकडून पूर्ण सामना मागवतात, तोही हरलेला. आणि सोबत एक विनंती करतात, जी ऐकून शाळावाले बुचकळ्यात पडतात: या खेळात दर काही सेकंदांनी शिट्टी वाजून डाव थांबतो, तेव्हाही कृपा करून कॅमेरा बंद करू नका. एका शाळेत मुख्याध्यापकांच्या पत्नी चित्रण करत. त्यांना हे फोनवरून समजावण्याचे काम माझ्याकडे आले. बाई म्हणाल्या, "पण मधल्या वेळात ती नुसती उभी असतात हो!" मी म्हणालो, "मॅडम, आमच्या कोचना तेच बघायचं आहे."

या पद्धतीची खरी परीक्षा झाली ती वेस्लीच्या वेळी.

टेक्सासच्या पश्चिमेला इतकी लहान गावे आहेत, की तिथल्या हायस्कुलात अकरा जणांचा संघही उभा राहत नाही. तिथे सहा जणांचा फुटबॉल खेळतात. मैदान लहान, चेंडू कोणीही झेलू शकतो, आणि हल्ला व बचाव दोन्ही त्याच सहा पोरांनी करायचा. मोठ्या कॉलेजांची माणसे तिकडे क्वचितच फिरकतात. हा खेळच वेगळा, त्यावरून काय ठरवणार, असे म्हणतात. दादा मात्र दर हंगामात तिकडे फेऱ्या मारतात. अशाच एका गावातून वेस्लीच्या सामन्याची फिल्म आली. मुलगा चपळ होता, पण ठेंगणा. आणि प्रत्येक शिट्टीनंतर तो सोबत्यांकडे पाठ फिरवून मैदानाच्या कडेला चालू लागे. तेवढ्यात चित्रण तुटे. तिथे अजून आमची विनंती पोचली नव्हती.

आमचे हेड कोच ग्रँट दादांपेक्षा वयाने पुष्कळ लहान, हुशार आणि घाईचे. हल्ली मोठ्या कॉलेजांतून बाहेर पडलेले तयार खेळाडू लहान कॉलेजांना मिळतात. ग्रँटना त्या हंगामातली शेवटची जागा तशाच एका खेळाडूला द्यायची होती. फिल्म पाहून ते म्हणाले, "हा पोरगा रुसतो. प्रत्येक डावानंतर संघाकडे पाठ! असला ॲटिट्यूड मला नको."

"मी जाऊन बघून येतो," दादा म्हणाले.

"एवढ्या लांब? एका रुसक्या पोरासाठी?"

"फिल्म तुटली आहे, कोच. तुटलेल्या फिल्मवर मी कोणाला नाही म्हणत नाही."

सकाळी निघालो ते दुपार टळल्यावर पोचलो. वाटेत एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला जमिनीतून तेल उपसणारे पंप, आणि मध्ये दादांचे अखंड बोलणे. मैदानाशेजारच्या पत्र्याच्या बाकावर आम्ही बसलो. सामना सुरू झाला. शिट्टी वाजली, वेस्लीने पाठ फिरवली आणि धावत कडेला आपल्या कोचकडे गेला. कोचने त्याच्या कानात काही सांगितले. तो परत आला, पाचही जणांजवळ गेला, प्रत्येकाला त्याचे त्याचे काम सांगितले आणि मग आपल्या जागी उभा राहिला. पुढच्या डावानंतर पुन्हा तेच. मैदान एवढे लहान, की ओरडून सांगितले तर समोरच्या संघालाही ऐकू जाते. आणि खुणा करायला दुसरा कोच नाही. आहे तो एकच, तोच गणित शिकवतो आणि संघाची बसही चालवतो. मुलगा रुसून जात नव्हता. निरोप आणायला जात होता. सहाही जणांची कामे त्याच्या डोक्यात होती.

मी आनंदाने दादांकडे पाहिले. ते अजून मैदानाकडेच पाहत होते. थोड्या वेळाने वेस्लीच्या हातून समोरचा खेळाडू निसटला आणि समोरच्या संघाने गुण मिळवले. गावाने डोक्याला हात लावला. वेस्ली उठला आणि कोचकडे गेला, आधी जात होता त्याच वेगाने.

"बघितलंत?" दादा म्हणाले. "त्यानं समोरच्याला पाडलं तेव्हा असाच धावला. चुकला तेव्हाही असाच. आता चला, घरी जाऊ त्याच्या."

आपल्याकडे मुलगी मागायला जातात तशी ही घरभेट असते. दादा ती तितक्याच अदबीने करतात. दारात बूट काढतात, कितीही नको म्हटले तरी. पत्नीने, म्हणजे आमच्या स्मितावहिनींनी, दिलेला चिवड्याचा डबा पुढे ठेवतात. वेस्लीची आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, वडील तेलविहिरीवर. उन्हाळ्यात मुलानेही विहिरीवर रुजू व्हायचे हे ठरलेले. वडील चिवडा खात म्हणाले, "मोठ्या कॉलेजांनी याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तुम्हाला काय दिसलं?"

दादांनी कडेला धावणाऱ्या वेस्लीचे वर्णन केले. वडिलांनी ते इतकी वर्षे पाहिले होते, पण त्याविषयी कोणी बोलेल असे त्यांना वाटले नव्हते.

आईने विचारले, "तो खेळेल का तुमच्याकडे?"

"पहिल्या वर्षी नाही. दुसऱ्याचं मला सांगता येत नाही. पण दर सोमवारी तो कुठे उभा आहे हे मी त्याला खरं खरं सांगेन, आणि त्याला पदवी मिळेपर्यंत त्याच्या मागे लागेन."

वडील हसले. "विकायला आलेला माणूस असं बोलत नाही."

"मी विकायला नाही आलो, सर. मागायला आलोय."

परतल्यावर ग्रँटनी दादांचे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ठीक आहे. शेवटची जागा त्याला. पण तो टिकला नाही, तर तुमच्या पश्चिमेच्या फेऱ्या बंद. कबूल?"

"कबूल. पण चार वर्षांचा हिशेब चार महिन्यांत करायचा नाही."

म्हणजे आता एका मुलाचे कॉलेज आणि त्याच्या मागून येऊ शकणाऱ्या त्या सगळ्या लहान गावांतल्या मुलांची वाट, दोन्ही एकाच वेस्लीवर अवलंबून राहिली. दादांनी हे त्या मुलाला कधीही कळू दिले नाही. मी एकदा म्हणालो, "सांगून टाका, जोमानं खेळेल." तर म्हणाले, "त्याच्या खांद्यावर पॅड्स आहेत तेवढे पुरे."

पहिल्या हंगामात वेस्लीला एकाही सामन्यात उतरवले नाही. शरद ऋतू संपता संपता तो बॅग घेऊनच आमच्या फिल्मच्या खोलीत आला. विहिरीवरची जागा अजून रिकामी होती. "कोच, मी घरी जातो," तो म्हणाला. दादांनी ना समजूत घातली ना आवाज चढवला. मला म्हणाले, "काल-परवाची प्रॅक्टिस लावा. मधली." मी लावली. डाव थांबलेला. मुख्य संघ पाणी पितो आहे, आणि कडेला वेस्ली नव्या पोरांना हाताला धरून त्यांच्या जागा दाखवतो आहे.

"हा कोण?"

"मी."

"तुला कोणी सांगितलं होतं हे करायला?"

"नाही."

"मग ऐक. तुला खेळायला मिळत नाही, पण तुझं काम थांबलेलं नाही. ज्या दिवशी ते थांबेल, त्या दिवशी तुझी बॅग मी स्वतः गाडीत ठेवीन. आज नाही."

वेस्लीने पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिले. मग बॅग उचलून वसतिगृहाकडे परत गेला.

दादांची ही चिकाटी केवळ मैदानावरची नाही. माझे वडील इस्लामपूरला वारले, तेव्हा एका लग्नाचे काम मी घेतलेले होते आणि बदली माणूस मिळत नव्हता. दादा म्हणाले, "तुम्ही विमान पकडा. कॅमेरा मला द्या." त्यांनी खरोखर ते लग्न चित्रित केले, आणि माझाच धडा माझ्यावर उलटवून कॅमेरा क्षणभरही बंद केला नाही. त्या चित्रणात नवरीपेक्षा आचारी जास्त दिसतो. नवरीच्या वडिलांनी तक्रार केली, आणि तपशिलाला जागणारा माणूस म्हणून मी सांगतो, ती तक्रार रास्त होती. पण ऐन हंगामातला, सामन्याचा शनिवार सोडून हा माणूस माझ्या जागी उभा राहिला, हे मी विसरणार नाही.

वेस्लीचे पुढे काय झाले? तो तारा झाला नाही. उंचीही वाढली नाही. दुसऱ्या वर्षी थोडाथोडा उतरला, तिसऱ्या वर्षी बचावफळीत कायमचा आला, आणि यंदा अकराही जणांना त्यांची कामे सांगणारा आवाज त्याचा आहे. मागच्या एका सामन्यात आम्ही हरलो. शेवटच्या शिट्टीनंतर सगळे माना खाली घालून निघाले असताना वेस्ली, नेहमीच्याच वेगाने, पडलेल्या सोबत्याला उठवायला गेला. मी चित्रण करत होतो. शेजारी ग्रँट उभे होते. त्यांनी ते पाहिले.

सोमवारी ते आमच्या खोलीत आले आणि दारातूनच विचारले, "सतीश, यंदा पश्चिमेकडे किती दिवस लागतील तुम्हाला?"

"गाडीची टाकी भरून द्या," दादा म्हणाले. "दिवसांचं माझं मी बघतो."

ग्रँट गेल्यावर त्यांनी नकाशा उघडला आणि वहिनींना फोन करून चिवडा जास्त करायला सांगितला.

साठी झाली, आता दमाने घ्या, असे दादांना सांगणारे हितचिंतक पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, नजर अशीच ताजी राहो, वहिनींच्या हाताची चव त्यांच्या डब्यातून दूरदूरच्या घरांत पोचत राहो. पश्चिमेच्या लहान गावांत, कोणी पाहत नाही असे वाटून खेळणाऱ्या मुलांना, पत्र्याच्या बाकावर बसलेले हे टोपीवाले गृहस्थ आणखी पुष्कळ वर्षे दिसोत. त्यांच्या शेजारची जागा माझी आहे. कॅमेरा चालू आहे, दादा. मी बंद करणार नाही.