प्रशांतची रीझलिंग आणि काकांचा बांगडा

काकांचा फोन आला तेव्हा मी रीडिंग गावच्या रेल्वे स्टेशनवर उभी होते. "प्रशांतचं हार्ट बंद पडलं गं," ते म्हणाले, आणि लगेच विचारलं, "शनिवारसाठी बांगडे आणून ठेवलेत... आता त्यांचं काय करू?"

प्रशांत माझा चुलतभाऊ, इथे इंग्लंडात लेस्टरमध्येच वाढलेला. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने. काकू गेल्यापासून बापलेक दोघंच घरात. काका दर रविवारी विहारात वंदना घेतात, लोकांना पंचशील देतात, आणि त्यातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. मुलगा मात्र वाईनच्या दुकानात, कोणती बाटली विकायला घ्यायची ते चाखून ठरवणारा. विहारात कोणी चौकशी केली, की काका "शॉपमध्ये आहे" म्हणून विषय बदलायचे. गंमत अशी, की प्रशांतही ते शील पाळायचा. वाईन तोंडात घोळवायची आणि बादलीत थुंकायची, थेंबही गिळायचा नाही. "आपल्या घराण्यात थुंकण्याचा पगार घेणारा तू पहिलाच," असं मी त्याला चिडवायचे. काकांना मात्र ही चक्क थाप वाटायची. "दारू तोंडात घेऊन थुंकतं का कोणी?" एवढं एकदा म्हणाले आणि पुढे घरात तो विषयच बंद झाला.

त्याचा जीव रीझलिंग नावाच्या जर्मन पांढऱ्या वाईनवर होता, तोही गोड नसलेल्या. शनिवारी काकांनी तळलेला बांगडा आणि काकडीची कोशिंबीर डब्यात घेऊन तो माझ्याकडे यायचा, बाटली उघडायचा आणि समोर बसून मला प्यायला लावायचा. "ताई, लोकांना वाटतं जर्मन व्हाइट म्हणजे स्वीटच. ही बोन ड्राय आहे. बांगड्यावर लिंबू पिळतो ना आपण, सेम जॉब." मी घोट घेतला, की माझ्या तोंडाकडे असा बघत राहायचा, जणू परीक्षा त्याचीच आहे. खरंच छान लागायचं. खारट, तेलकट मासा आणि वर ती आंबटसर थंड वाईन... तिखट मात्र तिला सोसायचं नाही, जीभ नुसती भाजायची. म्हणून तो काकांना मसाला कमी घालायला सांगायचा. खरं कारण सांगायची सोय नव्हती. "गोऱ्यांची जीभ झाली तुझी," असं कुरकुरत काका मसाला कमी करायचे.

एकदा दुकानात गिऱ्हाइकांसाठी वाईन टेस्टिंग होतं, तिथे त्याने तोच बांगडा ठेवला. काकांना फक्त 'कामावरच्या लोकांसाठी' म्हणून सांगितलं होतं. लोकांनी ताटं चाटूनपुसून साफ केली आणि कुक कोण म्हणून विचारत राहिले. मग पुढच्या वेळी त्याने धीर करून काकांना सगळं सांगितलं. मी तिथेच होते.

"पप्पा, एकदा या ना. फक्त बघा."

"बाटल्या असतील तिथे?"

"असतील ना."

"मग नको."

त्यानंतर प्रशांतने कधी विचारलंही नाही. मला आता राहून राहून वाटतं, विचारायला हवं होतं, निदान मी तरी.

गेल्या आठवड्यात त्याचं सामान आणायला काकांना घेऊन दुकानात गेले. मागच्या खोलीत त्याचा कोट अडकवलेला होता. आत चारपाच जण टेबलाभोवती उभे होते, काम चालू होतं. एका बाईने ग्लास नाकाशी नेला, घोट तोंडात घोळवला आणि सरळ बादलीत थुंकला. मग शेजारच्याने. मग पलीकडच्याने. कुणी हसत नव्हतं, कुणाचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. काका दारातच थांबले.

"सगळेच थुंकतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो काका. हे काम असंच करतात."

मी कोट काढून घेतला, घडी घातली, तरी ते तिथेच उभे. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोटारडा समजूनच मी त्याला रोज जेवायला वाढलं गं."