आपल्या तरणतलावात आज मुरूम पडला

मंडळी, सकाळपासून कशातच मन लागून नाही राहिलं, म्हणून लिहितो.

आज कोहमारा गावाकडून मुरमाचे टिप्पर आले आणि आपल्या गावचा तरणतलाव बुजवायला लागले. तिथे पार्किंग होणार आहे.

नव्या लोकांना माहीत नसेल. सुखदेवकाकांची मुलगी गावतलावात बुडाली, त्यानंतर गावाने श्रमदानाने हा तरणतलाव खोदला. पहिली कुदळ काकांनी मारली होती. दर उन्हाळ्यात मी तिथे पोरापोरींना पोहायला शिकवायचो.

मग एका वर्षी गावतलाव घाण होऊ नये म्हणून आपण विसर्जनाचे सगळे गणपती तरणतलावात शिरवले. कल्पना माझी होती. लोकांनी कौतुकही केलं. मूर्त्यांच्या प्लास्टरचा गाळ फिल्टरमध्ये बसला आणि पंप बंद पडला तो कायमचाच. दुरुस्तीसाठी आपण एक अर्ज दिला आणि घरी बसलो.

आज काका काठी टेकत आले. "काऊन बुजवून राहिले गा?"

मी म्हटलं, "पार्किंग होऊन राहिली, काका."

त्यांनी कठडा धरला. "मंग पोरं कुठं शिकतील?"

मी काकांना घरी पोचवून दिलं.

परत येताना गावतलावाच्या पाळीवर लहान लहान चपला दिसल्या. पोरं पाण्यात होती. मी चपलांचे जोड मोजले, मग पाण्यातली डोकी मोजली. दोन्ही जुळेपर्यंत तिथून हललो नाही.

उद्या कोण मोजेल, सांगा.