भूप शिकणारे काका

नाहूरला राहत्या घरी, हॉलमध्येच मी गाणं शिकवते. येणाऱ्या बहुतेक शाळकरी मुली. दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरची शेजारीण तिच्या बाबांना घेऊन आली. बस डेपोतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. "दिवसभर टीव्हीसमोर असतात. यांना शिकवाल का?" तिने विचारलं. काका पेटीकडे असे बघत होते, जणू ती उचलून तिसऱ्या मजल्यावर न्यायचीय.

काकांनी खाडा कधी केला नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी पाचाच्या ठोक्याला बेल वाजायची. पण रियाजाच्या नावाने शून्य. मी त्यांना भूप राग शिकवत होते. त्यात मोजून पाच स्वर, मध्यम नाहीच. काका गंधारावरून बिनधास्त मध्यमावर जायचे.

"काका, 'म' नाही."

"नाय तर नाय," म्हणून पुन्हा तिथेच.

"घरी बसला होतात का गायला?"

"बसलो होतो. गायचं राहिलं."

दीड वर्ष असं चाललं. माणूस इतका गोड की रागही येईना. पण एका शुक्रवारी पावणेपाचला पेटी पुसताना माझ्या मनात आलं, काकांना आज सर्दी झाली तर बरं. माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, आता थांबायला हवं.

नवरा म्हणाला, "सरळ सांग ना, त्यात काय." त्याला काय जातं बोलायला.

मंगळवारी काकांना चहा दिला आणि सांगून टाकलं, "काका, मला वाटतं आपण थांबावं. तुमचं मन रमत नाहीये."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "बाई, खरं सांगू? मी तुमच्यासाठीच येत होतो."

"माझ्यासाठी?"

"लेक म्हणाली, 'बाईंकडे मुली कमी झाल्यात. तुम्ही गेलात तर त्यांना तेवढाच आधार.' मधेच सोडलं तर तुम्ही मनाला लावून घ्याल, म्हणून येत राहिलो."

तेव्हा माझ्याकडे चौदा मुली होत्या आणि तीन जणी जागा कधी होते म्हणून विचारत होत्या. वडिलांना घराबाहेर काढायला लेकीने मारलेली ही थाप आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आली. आम्ही इतके हसलो की काकांना ठसका लागला.

"माका गाण्यातला काय कळणा नाय," जाताना ते म्हणाले, "पण चाय बरी असता तुमची."

लेक तीन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. लिफ्टमध्ये नुसती मान हलवायची. मग काकांना स्टेशनजवळच्या बागेत पत्ते खेळणारी मंडळी भेटली आणि ते रोज साडेचारलाच घराबाहेर पडायला लागले. आता तीच तक्रार करते, बाबा जेवायलाही वेळेवर येत नाहीत म्हणून.

काकांच्या वेळेला आता आठ वर्षांची एक मुलगी येते. रियाज भरपूर करते. परवा तिची आई सांगत होती, शेजारचे विचारून गेले, हे गाणं संपतं कधी.