बंद घरांचं मत

सर्व्हेच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत, तेच आपल्या मागोमाग घरी येतात. दिवसाला साठ-सत्तर अनोळखी माणसांशी बोललं की संध्याकाळी पोळ्या लाटताना दोन-चार तरी आठवतातच. एका गृहस्थांना मी विचारलं, "मत कुणाला देणार?" तर म्हणाले, "बायकोला विचारून सांगतो." आणि अर्ध्या तासाने खरंच फोन केला हो! असले किस्से मी कुणालाही सांगते. पण महापालिकेच्या निवडणुकीच्या वेळचे जे आहेत ना, ते सहसा काढत नाही. आज तुम्हीच विषय काढलात.

आमचं ऑफिस नाशकात गंगापूर रोडला, एका मेडिकलच्या वर. दोन खोल्या, एक पंखा आणि आमचे सर. भास्करराव आणि कल्पना घरोघरी फिरून फॉर्म भरायचे. माझं काम बॅकचेक. म्हणजे भरून आलेल्या फॉर्ममधले काही उचलायचे, त्यावरच्या नंबरला फोन लावायचा आणि विचारायचं, "आमचा माणूस खरंच आला होता का हो?" थापा पकडायचं काम! मला मनापासून आवडतं.

त्या वेळी काम होतं विरोधी पक्षाचं, एका प्रभागापुरतं. इच्छुक उमेदवार विद्याताई. पंधरा वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचललेली बाई, एकटी राहणारी, पक्ष हाच संसार. यंदा तिकीट नक्की मानलं जात होतं. पण ताईंनी एका सभेत जाहीर करून टाकलं, की आम्ही निवडून आलो तर वर्षभर कुलूप असलेल्या घरांवर जादा कर लावणार!

त्यांचंही चूक नव्हतं. त्यांच्या गल्लीत संध्याकाळी जेमतेम तीन घरांत दिवे लागायचे. बाकीच्यांची मुलं पुण्याला, बंगलोरला, कॅनडात. "घरं कुजवताय कशाला? भाड्याने द्या ना! नर्सिंगच्या पोरींना खोली मिळत नाही इथे!" सभेत टाळ्या पडल्या. आणि पुढच्याच सर्व्हेत पक्ष धाडकन खाली आला.

पक्षाने ताईंना तीन आठवडे दिले. तेवढ्यात आकडा वर आला नाही तर तिकीट दुसऱ्याला. ताई रोज आमच्याकडे येऊन बसायच्या, पदराने कपाळ पुसत. "कोण नाराज आहे तेवढं शोधून द्या हो. मी पाया पडेन त्यांच्या." मला फार वाईट वाटायचं.

*

पहिला किस्सा भास्कररावांचा. माणूस रिटायर, गुडघे कामातून गेलेले. एका दुपारी कंटाळले आणि बंद बंगल्याच्या पायरीवर बसून त्यांनी चक्क मनाने फॉर्म भरला. नेमप्लेटवरचं नाव लिहिलं, मनाला येतील ते दहा आकडे नंबर म्हणून टाकले आणि विद्याताईंना बरं वाटावं म्हणून लिहिलं, 'कराला पाठिंबा'.

तो फॉर्म नेमका माझ्या हाती आला. मी फोन लावला. एका वयस्कर गृहस्थांनी उचलला, अगदी शांत आवाज. नेमप्लेटवरचं नाव बरोबर सांगितलं. मी विचारलं, "आमचे भास्करराव आले होते का?"

"आले होते की. पायरीवर बसले होते बराच वेळ. गुडघा चोळत होते. आम्ही आतून म्हटलं, आत या, पाणी घ्या. त्यांनी ऐकलंच नाही."

मी थँक्यू म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "आणि त्यांनी पाठिंबा लिहिलंय का? ते खोडा. आमचा विरोध आहे."

मी भास्कररावांकडे बघितलं. त्यांनी तिथल्या तिथे थाप कबूल केली, न विचारता!

*

कल्पना सटाण्याची. धीट बाई, कुणाच्या बापाला भ्यायची नाही. एका अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर तिने बेल दाबली. बेल वाजली. आतून बाईचा आवाज, "कराचं विचारायला आलात?"

कल्पनाला वाटलं, बाई दार उघडायला घाबरतेय. तिने बाहेरूनच विचारून सगळा फॉर्म भरला. 'घरात माणसं किती' या प्रश्नावर आतली बाई थोडी घुटमळली आणि म्हणाली, "कधीची सांगू?" कल्पना म्हणाली, "आत्ताची सांगा." मग आत आपापसात काहीतरी बोलणं झालं, आणि उत्तर आलं, "चार लिहा."

खाली आल्यावर वॉचमनने हटकलं. "तिसऱ्या मजल्यावर कुठे गेल्या होत्या ताई? चार वर्षं कुलूप आहे तिथे. लाइटचा मीटरसुद्धा काढून नेलाय." कल्पना परत वर गेली. कडीला हे एवढं गंजलेलं कुलूप! मगाशी दिसलंच नव्हतं तिला.

मी म्हटलं, "अगं, मग पळालीस की नाही?"

"कशाला पळू? माले काय करनं शे? फॉर्म भराई गया ना!"

*

दुसऱ्या आठवड्यात सरांनी सगळ्यांना बसवलं. विद्याताईही होत्या. सरांनी कॉम्प्युटरवर दाखवलं, की राहत्या घरांत पक्ष जिथे होता तिथेच आहे, एक इंचही हललेला नाही. घसरण झालीय ती सगळी ज्या फॉर्मवर कल्पनाने कोपऱ्यात 'कुलूप' लिहिलंय त्यांच्यात.

"म्हणजे विरोधक सापडले," सर म्हणाले. "पण हे मतदार आहेत का?"

भास्कररावांनी मतदार यादी काढली. नावं होती! घरच्यांनी नाव कमी करायचा अर्जच कधी दिला नव्हता. कुणी मुलाकडे गेलेलं, कुणी देवाघरी गेलेलं, नावं सगळी जागच्या जागी.

"असू देत नावं," सर म्हणाले. "मतदान करायला थोडेच येणार आहेत?"

भास्करराव उठून कपाटाकडे गेले. मागच्या निवडणुकीत ते याच प्रभागातल्या बूथवर पक्षाचे पोलिंग एजंट होते. मतदार येऊन गेला की त्याच्या नावापुढे टिक करायची, हे एजंटचं काम. ती यादी त्यांनी जपून ठेवली होती. त्यांनी ती उघडून टेबलावर ठेवली. बंद घरांतल्या एकूण एक नावापुढे टिक होती.

"अहो, कुणी केल्या या?" सर ओरडले.

"मीच केल्या, सर," भास्करराव म्हणाले. "माझ्याच हातच्या आहेत. आली असतील ना माणसं, त्याशिवाय मी कशाला करीन?"

*

एक किस्सा माझा स्वतःचा. सकाळी अकराच्या सुमाराला ऑफिसचा फोन वाजला. एक काकू तावातावाने बोलत होत्या. "आमच्या गल्लीत सगळ्यांकडे येऊन गेलात, मग आम्हालाच का वगळलं? आम्ही काय माणसं नाही?" मी सॉरी म्हटलं आणि पत्ता, नंबर लिहून घेतला. लांब नव्हता, म्हणून दुपारी मीच गेले.

तिथे घरच नव्हतं! बंगला पाडून बिल्डरने खड्डा खणून ठेवलेला. उभं होतं ते फक्त गेट, आणि गेटच्या खांबावर तुळशीची कुंडी. तुळशीला ताजं पाणी घातलेलं होतं.

ऑफिसात आले. येताना दोनदा मागे वळून बघितलं, खोटं कशाला सांगू? पण काम ते काम. काकूंच्या नंबरला फोन केला. त्या म्हणाल्या, "गेटपाशी उभ्या राहून परत गेलात ना? बघितलं मी. आता आमच्यावर पण कर लावणार का?"

मला काय सुचावं? मी म्हटलं, "नाही हो काकू. कर रिकाम्या घराला आहे. तुम्ही राहताय ना तिथे?"

काकू एकदम निवळल्या. "हो, राहतोय की! असं आधी सांगायचं ना. मग पाठिंबा लिहा माझा."

*

हे मी विद्याताईंना सांगितलं. सांगायला नको होतं, असं आता वाटतं. पण मुदतीचा शेवटचा आठवडा होता, आणि ताईंचा चेहरा बघवत नव्हता. पक्षात पंधरा वर्षं काढलेली बाई, पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली होती. ऐकल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "चला काकू. त्या घरांची यादी घ्या."

भर दुपारी तीन वाजता आम्ही दोघी निघालो. पहिल्या कुलपासमोर ताई जरा लाजल्या. तिसऱ्या घरापासून त्यांचा प्रचाराचा आवाज लागला. हात जोडून, बंद दाराकडे बघत म्हणायच्या, "गैरसमज करून घेऊ नका. कर रिकाम्या घराला आहे. तुम्ही आहात, मग घर रिकामं कसं?" मग आपलं पत्रक दाराखालून सरकवायच्या. त्यावर फोटो, नाव, घरचा पत्ता. एका दाराखाली पत्रक अर्धं सरकवलं, तर उरलेलं अर्धं आतून ओढून घेतलं गेलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलंच नाही.

आणि प्रत्येक दारापुढे शेवटचं वाक्य ठरलेलं. "काहीही अडचण आली तर सरळ माझ्या घरी या. माझं दार तुमच्यासाठी कायम उघडं आहे!" हे वाक्य उमेदवार दिवसातून पन्नास वेळा बोलतो. कुणी येत नाही. ताई सवयीने बोलून गेल्या, आणि माझ्याही ते लक्षात आलं नाही.

दोन दिवसांनी बॅकचेकला बसले. पहिला फोन त्या शांत आवाजाच्या गृहस्थांना. "आमचा पाठिंबा. ताईंनी घरी बोलावलंय ना." दुसरा फोन, तेच. तिसरा, तेच. कल्पनाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर वर विचारलं, "त्यांच्याकडे लिफ्ट आहे का हो?"

आकडा असा वर चढला की सरांनी आमच्यासाठी जिलेबी मागवली. शनिवारी तिकीट जाहीर झालं. विद्याताईंनाच!

*

रविवारी सकाळी मी पेढे घेऊन नाशिक रोडच्या माझ्या घरून ताईंच्या फ्लॅटवर गेले. दार सताड उघडं. बाहेर चपला नव्हत्या, म्हणून म्हटलं बरं झालं, गर्दी नाही, निवांत बोलता येईल.

हॉलमध्ये कुणीच नव्हतं. पण जिकडेतिकडे चहाचे कप! टीपॉयवर, सोफ्याच्या हातांवर, खिडकीत, टीव्हीपुढे, जमिनीवर भिंतीच्या कडेने ओळीने. घरातले संपले म्हणून स्टीलचे पेले, वाट्यासुद्धा. सगळे भरलेले, वाफा येत होत्या.

ताई आतून चहाचं पातेलं घेऊन आल्या. अंगावर कालचीच साडी, डोळे खोल गेलेले, चेहरा मात्र हसरा. "या काकू, या! माझं कसलं अभिनंदन करताय? या सगळ्यांचं करा. माणसांनी शब्द पाळला बघा. आता मलाही पाळायला हवा की नाही?"

पेढ्यांचा बॉक्स कसाबसा ताईंच्या हातात दिला आणि कोपऱ्यातली खुर्ची मोकळी दिसली म्हणून टेकायला गेले. ताईंनी माझा दंड धरून मला खसकन मागे ओढलं.

"अहो काकू, बघून बसा ना!"

मग त्या खुर्चीकडे वळून वाकल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "लागलं नाही ना हो काका?"