मुक्कामाच्या गाडीची पहाणी

वडील तीस वर्षं महसुलात गिरदावर होते. गिरदावर म्हणजे शेतोशेत हिंडून पिकं, बांध आणि भांडणं मोजणारा माणूस. महिन्यातले पंधरा दिवस ते उटनूरकडच्या जंगलातल्या गावांत दौऱ्यावर असत. आई तेवढे दिवस बोथला, आमच्या गावी, घर सांभाळायची. निर्मलच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती.

रिटायर झाल्यावर वडिलांनी तिला विचारलं, "तुले काय पाह्यजे?" असा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदाच निघाला होता, त्यामुळे ती जरा गांगरली. मग म्हणाली, "तुमी दौऱ्यावर जिथं राह्यत होते, ते मले दाखवा. तिथंच मुक्काम करू." ती काशी म्हणेल अशी वडिलांची तयारी होती. उटनूर दोन-तीन तासांवर. त्यांना ते थोडं कमीपणाचं वाटलं.

जंगलात मुक्काम म्हणजे झोपायची सोय असलेली गाडी हवी. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या भागात अशी गाडी कोणी विकत नसे, पण वडिलांनी दोन शोधल्या. एक जुनी व्हॅन होती. निर्मलच्या एका खेळणीवाल्यानं ती प्रदर्शनांना माल न्यायला वापरली होती, आणि आत लाकडी बाक, स्टोव्हसाठी फळी आणि कपाटावर रंगवलेली फुलं करून घेतली होती. दुसरी नवीन मॉडेलची, नागपूरहून दाखवायला आणलेली. तिची सीट ओढली की गादी व्हायची. किमतीत फार फरक नव्हता. चालवणार मी होतो, म्हणून मला कोणी काही विचारलं नाही.

आईचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून वाकत नव्हता, हे फक्त मला माहीत होतं. देवळात ती "मी खालूनच नमस्कार करते" म्हणायची आणि लोक तिच्या नम्रतेचं कौतुक करायचे. वडिलांना कळू नये म्हणून मला तिनं दम भरला होता. "त्याईले सांगू नको. म्हनतील, आधी दवाखाना करू, मंग जाऊ. अन् मंग कोन नेते मले?"

रविवारी दोन्ही गाड्या घरापुढे उभ्या राहिल्या. वडिलांनी आयुष्यात पंचनाम्याशिवाय काही ठरवलं नव्हतं. त्यांनी पाच पंच बोलावले: दोन रिटायर मास्तर, एक कंपाउंडर, एक कापसाचे अडते आणि समोरचे पोस्टमास्तर. आधी जुन्या गाडीच्या चतुःसीमा लिहिल्या. पूर्वेस आमचं फाटक, पश्चिमेस नाली, उत्तरेस नवीन गाडी, दक्षिणेस म्हैस. म्हैस उठून गेली तेव्हा त्यांनी तेवढी नोंद खोडली आणि खाडाखोडीवर सही केली.

मग पंच आळीपाळीनं दोन्ही गाड्यांत आडवे झाले. अडत्यांना नवीन गाडीत झोपच लागली, हे तिच्या बाजूनं धरण्यात आलं. जुनीचा बाक टोचतो, ती आवाज करते, घाटात दम टाकेल, असं सगळ्यांचं मत पडलं. पाचही मतं नवीन गाडीला. या पाचांपैकी एकही जण आमच्यासोबत येणार नव्हता.

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. वडील म्हणाले, "चढ, बसून तं पाह्य." तिनं ट्रे माझ्या हातात दिला. नवीन गाडीची पायरी चांगली गुडघाभर उंच. तिनं उजवा पाय उचलला, खाली ठेवला. डावा उचलला, तोही खाली ठेवला. मग म्हणाली, "चहा थंडा होऊन राह्यला."

मी पंचांना चहा वाटायला लागलो. मला सांगून टाकायचं होतं, पण धीर झाला नाही.

"मले जुनी पाह्यजे," आई म्हणाली.

"काऊन?"

"तिच्यात फुलं हायेत."

पंच हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी टेप काढली, जमिनीपासून दोन्ही गाड्यांच्या पायऱ्या मोजल्या, जुनीची निम्मी भरली, आणि आकडे कागदावर उतरवले. म्हणाले, "पंचांचं म्हननं नोंदवलं हाय. गाडी जुनी घेनं हाय." शेवटी कैफियतीच्या, म्हणजे शेऱ्याच्या, रकान्यात त्यांनी लिहिलं: फुले आहेत. खाली पाचही पंचांनी सह्या केल्या.

जुनी गाडी घाटात खरंच दम टाकत चढली. उटनूरच्या पुढे एका गावाबाहेर, ओढ्याकाठी, मोहाच्या झाडाखाली आम्ही थांबलो. गावातल्या एका म्हाताऱ्यानं वडिलांना ओळखलं. पाच मिनिटांत बाज आली, दूध आलं, भाजलेले हरभरे आले, कुणी पाणी भरलं, कुणी लाकडं फोडली. वडील बाजेवर पडले आणि घोरायला लागले. आई गाडीच्या पायरीवर पाय लांब करून बसली होती.

"सायब येत तवा असंच राहे काय?" तिनं विचारलं.

"असंच, बाई," म्हातारा अभिमानानं म्हणाला. "सायबाले आमी कशालेच उठू देत नव्हतो."

वडील जागे होऊन उठून बसल्यावर आई म्हणाली, "तुमाले जंगलात खायले भेटलं असन का नाई, या घोरानं मी अर्ध्या भाकरीवरून उठत होती. तीस वर्सं. इथं एवढं सुख व्हतं, तं काऊन नाई सांगतलं?"

वडील म्हणाले, "सांगतलं असतं, तं तू म्हनली असती, मलेबी न्या."

"हो. म्हनली असती."

आईचं ते अर्धं ताट मीसुद्धा लहानपणापासून पाहत होतो, कधी विचारलं नव्हतं.

"तुमचे सारे मुक्काम दाखवा," आई म्हणाली. "एकबी सोडू नका."

वडील बोटांवर गावं मोजायला लागले. दोन्ही हात संपले तेव्हा त्यांनी पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली. माझी रजा तीन दिवसांची होती. उटनूरला परत जाऊन मी ऑफिसला ती वाढवल्याची तार केली.