झाकलेलं ताट

आज तव्यावर सुकट भाजायला टाकली आणि त्या वासासरशी सासूबाई आठवल्या. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली.

एकदा त्या उरणजवळच्या मोऱ्याहून आमच्या पनवेलच्या फ्लॅटवर राहायला आल्या होत्या. मी मोबाइलवर त्यांना एक जुनी मालिका लावून दिली. कोळ्यांची गोष्ट, चॅनेलने अर्ध्यातच बंद केलेली. कुणीतरी घरच्या कॅसेटवरचे भाग जाहिरातींसकट इंटरनेटवर टाकले होते. लसूण सोलता सोलता आम्ही दोघी त्यात पार अडकलो. शेवटच्या भागात वादळ आलं, तरण्या नाखव्याची बोट दिसेनाशी झाली आणि पुढे काहीच नाही.

त्या दुपारी सासूबाईंनी एक जास्तीचं ताट वाढून झाकून ठेवलं.

"हे कुणाला?"

"त्या पोराला. बोट भायेर हाय ना त्याची? ताट नाय ठेवलं तं कसं चालंल?"

मला हसू येणार होतं, तेवढ्यात सासरे आठवले. त्यांची बोट कधी परतलीच नव्हती.

मी व्हिडिओखाली सगळं लिहिलं. संध्याकाळी ते भाग टाकणाऱ्याचं उत्तर आलं, "पुढचं मलाही माहीत नाही. पण आजींना सांगा, पोरगा आला. भूक लागलीय त्याला."

मी पहिलं वाक्य गाळून वाचून दाखवलं.

"आला?" सासूबाईंनी ताटावरचं झाकण काढलं. "मंग भात गरम कर."

त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही. माझ्या घरी त्याचं एक जेवण राहिलंय.